हिस्केमावशींचं छप्पर

ओल्डेनबुर्ग, ४ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

बांधकाम कायद्याच्या तिन्ही लेखी परीक्षा पास झाले. पण विशेषज्ञ वकील म्हणवून घ्यायचं, तर सदोष बांधकामाची कोर्टातर्फे तज्ज्ञाकडून पाहणी करवल्याची सहा प्रकरणं लागतात, तीही गेल्या तीन वर्षांतली. माझी पाचच आहेत, आणि या महिनाअखेर जुनी दोन मुदतीबाहेर जातील. मग उरतील तीनच. जीव नुसता टांगणीला लागलाय.

आता भिस्त तुझ्या शेजारणीच्या, हिस्केमावशींच्या गळक्या छपरावर. मावशींनी तुला सांगितलंच असेल, पुढच्या आठवड्यात त्यांच्या वतीनं कोर्टात पाहणीचा अर्ज लावतेय. तोवर त्या कौलं घालणाऱ्या फोल्कर्टला उपरती झाली नाही म्हणजे मिळवली! हसू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
गेशे

लेअर, ९ नोव्हेंबर

चि. गेशेस अनेक आशीर्वाद.

फोल्कर्टला उपरती झाली गं! काल हिस्के घरी नव्हती, म्हणून माझ्या दारात आला. म्हणाला, चूक माझ्या माणसांची, बसून बोलू, सगळं नीट करून देतो. मी मनाशी म्हटलं, झालं! हिस्के त्याला चहाला बसवणार, आणि आपल्याकडे तिसऱ्या कपाआधी कोण उठतंय? तिसऱ्या कपापर्यंत भांडण टिकतं थोडंच!

म्हणून सांगितलं, हिस्केला तुझं तोंड पाहायचं नाही, कोर्टातच भेट. बिचारा मान खाली घालून गेला. हिस्केला मी काही बोलले नाही. गळतीपायी पलंग ओढत ओढत दाराशी आणलाय तिनं, पण काढेल आणखी थोडे दिवस. तू खुशाल अर्ज लाव.

वेळेवर जेव.
आई

ओल्डेनबुर्ग, १२ नोव्हेंबर

ती. आईस,

फोनवर ओरडले असते, म्हणून लिहितेय. काय करून बसलीस हे! आणि खरं सांगू? वाचून आधी मला हायसं वाटलं. अर्धा दिवस तसंच वाटत होतं. मग स्वतःचीच शिसारी आली. अशील माझी, आणि तिच्या दाराशी आलेली तडजोड मी दाबून ठेवू?

मावशींना फोन करून सगळं सांगितलं, तुझ्या कारभारासकट. वकील म्हणून सल्ला दिला, समेट करा. त्यांनी विचारलं, मग तुझ्या त्या विशेषज्ञ पदवीचं काय? म्हटलं, यंदा नाही. आता तू जा, काय ऐकावं लागेल ते ऐक आणि फोल्कर्टला बोलावून आण.

रागावलेली, तरी तुझीच,
गेशे

लेअर, १७ नोव्हेंबर

चि. गेशेस अनेक आशीर्वाद.

हिस्केनं मला दारातच फैलावर घेतलं. फोल्कर्ट आला, पहिला कप झाला. दुसरा संपताच हिस्केनं चमचा उचलला. तो कपात ठेवला असता की संपलंच, आणखी चहा नको. पण तिनं चमचा बशीत ठेवला आणि तिसरा कप ओतला. सोमवारी काम सुरू होतंय.

तुझी पदवी हुकली, गेशे. मला फार वाईट वाटतंय, लपवत नाही. निघताना हिस्के म्हणाली, पोरगी तुझ्यावर गेली नाही, नशीब तिचं. मला झोंबायला हवं होतं. घरी येऊन मी पोटभर रडले, पण अभिमानानं.

माझ्यावरचा राग उतरला की ये.
आई