कोहारुनं सोडलेली मालिका

१४ जानेवारी
आज पाहिली. एकच भाग. कोहारु शाळेत, हे कामावर, मी ऑपरेशनचे टाके सांभाळत घरी — दुसरं करायचं काय? अख्खा देश जिच्यापायी वेडा झालाय ती आहे तरी काय, एवढंच बघायचं होतं.

शेवटी कार्टूनच ते. बशीएवढे डोळे आणि उठसूट आरडाओरडा. लेकीला मी वर्षानुवर्षं हेच ऐकवत आलेय.

तो चिडका नावाडी मात्र बरा आहे.

१५ जानेवारी
आणखी चार भाग. लाज वाटते.

नवीन वर्षाला देवळात हात जोडून बाहेर आली आणि कोहारु म्हणाली, "आजपासून 'नदीचे पहारेकरी' सोडली." घरी येऊन भिंतीवरचं पोस्टरही उतरवलं. मार्चमध्ये हायस्कूलची प्रवेश परीक्षा. यांच्या परीक्षेला सासूबाईंनी चहा सोडला होता, हिनं जीव की प्राण असलेली मालिका सोडली. आणि मी तिच्याच जागेवर, कोतात्सूच्या गरम मेजाखाली, दुलईत पाय खुपसून, संत्री सोलत तीच बघतेय!

२३ जानेवारी
हे सकाळी बर्फावर आपटले. परीक्षेच्या घरात 'पडलो', 'घसरलो' म्हणायची सोय नाही, अपशकुन होतो. जेवताना कोहारुनं विचारलं, "बाबा, कमरेला काय झालं?"

"काही नाही गं. रस्त्यात जरा बसलो."

"पाठीवर?"

"हो, आडवा बसलो."

टाके दुखेपर्यंत हसले. मग वाटलं, आम्ही शब्दसुद्धा एवढे जपतो, आणि मी दिवसाढवळ्या काय करते?

३ फेब्रुवारी
डब्यासाठी अंड्याची गुंडाळी करत होते. नकळत मालिकेचं गाणं गुणगुणले. मागे कोहारु उभी, चेहरा उतरलेला.

"आई, ते नको ना. मला ऐकायचं नाहीये."

"अगं, दुकानात सारखं वाजतं. तोंडात बसलंय." धडधडीत खोटं.

"बरं. तू बस, डबा मी भरते. किती वेळ उभी आहेस." माझ्या हातातलं उलथनं तिनं काढून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ फेब्रुवारी
कोहारुला सणसणून ताप. मीच आणला. सोडली तिनं आणि चाखतेय मी. डॉक्टर म्हणतात, साथ आहे. त्यांना काय माहीत!

बंद. आजपासून मीही सोडली.

१६ फेब्रुवारी
ताप उतरला. ती शाळेत गेली. नावाडी बुडाला की वाचला, हे कळल्याशिवाय चैन पडेना.

वाचला. मी ओक्साबोक्शी रडले, नाक पुसून पुढचा भाग लावला. एप्रिलची तपासणी, दुखणं पुन्हा उलटलं असेल का — दिवसभर डोक्यात काही आलंच नाही. इतकं हलकं ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वाटलं. तेच खुपतंय. पोर मन मारून बसलीय आणि मला मजा येतेय.

५ मार्च
पेपर झाले. "कसे गेले?" तर म्हणे, "गेले." आणि लगेच, "तू गोळ्या घेतल्यास?"

हिचा नंबर लागला नाही तर मी कुणाला तोंड दाखवू? यांना सांगायचं म्हटलं तरी जीभ रेटत नाही.

१४ मार्च
लागला! यादीत कोहारुचा नंबर आहे. हे फोनवर नुसते हुंदके देत होते. मी शुभ प्रसंगाचा लाल भात शिजवला. माझ्यामुळे काही बिघडलं नाही. सुटले बाई.

१५ मार्च
सकाळी मीच टीव्हीसमोर उशा मांडल्या. कोहारुला म्हटलं, "लाव तुझी मालिका. मीही बसते."

तिनं रिमोट हळूच बाजूला सरकवला. "अजून नाही. तुझे एप्रिलचे रिपोर्ट येऊ देत."

"अगं, पण तू परीक्षेसाठी सोडली होतीस ना?"

"परीक्षेचा मी अभ्यास केला होता, आई."