रामीबाईचा रिपोर्ट

प्रिय जया,

घाबरू नको असं लिहिणार होतो, पण तू घाबरणारच, आणि गोष्ट तशीच आहे. फोनवर सांगणं जमलं नसतं. घर एवढंसं, तुझी आई, तुझी याडी, पलीकडच्या खाटेवर, आणि माझा आवाज कुठं फुटतो ते मला ठाऊक आहे. आपल्या एसटी डेपोचे धावजीकाका नागपूरची गाडी घेऊन येतात, त्यांच्या हाती हे पत्र देत आहे. होस्टेलच्या गेटवर फोडू नको. खोलीत जाऊन वाच.

होळीला तू तांड्यावर आलीस तेव्हा याडी लेंगीची गाणी म्हणायला रिंगणात उतरली नाही, हे सगळ्यात आधी तुझ्या ध्यानात आलं. मग तू तिचा चेहरा उजेडाकडं वळवून म्हणालीस, "याडी, तुहे डोळे पिवळे दिसून राह्यले." ती म्हणाली, "उनानं असंन." तू ऐकलं नाहीस. दवाखान्यात न्या, असं मला बजावून गेलीस. मी नेलं. नंतर फोनवर तुला सांगितलं, की पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, तो काढून आत प्लास्टिकची नळी टाकली. ते खोटं होतं पोरी. नळी टाकली हे खरं, पण खडा नव्हताच. याडीला कॅन्सर आहे. पित्ताच्या पिशवीचा. आता तो लिव्हरमध्ये गेला आहे.

तू म्हणशील, पिशवी तर नवरात्रानंतर काढली होती. काढली होती. यवतमाळला, दुर्बिणीतून, तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले, तुरीच्या दाण्यांएवढे. याडी ती बाटली घेऊन सगळ्या तांड्यात फिरली. "हे पाह्य, एवढे गोटे घेऊन मी निंदण करत होती," असं प्रत्येकीला सांगायची. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली. वांग्याची भाजी खाल्ली, आणि काही दुखलं नाही म्हणून लहान पोरीसारखी हसली. ते हसणं आठवलं की मला गाडीत स्टिअरिंग धरवत नाही.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, की पिशवी तपासायला पाठवली आहे, अशी सगळ्यांचीच पाठवतो, टाके काढायला याल तेव्हा लॅबमधून रिपोर्ट घेऊन या. पण टाके राळेगावच्याच सिस्टरनं काढले. कापूस वेचणीचे दिवस होते. याडी म्हणाली, "भोकं तं सुकले, आता यवतमाळले कायले जाचं?" मलाही ते पटलं. रिपोर्ट मात्र मी आणला. यवतमाळच्या फेरीला गेलो असताना मधल्या वेळात लॅबमध्ये जाऊन आणला.

मार्चमध्ये त्याच डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी याडीचं पोट दाबून पाहिलं, तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "रामीबाईंच्या पिशवीचा रिपोर्ट कुठं आहे?" मी पाकीट पुढं केलं. त्यांनी वाचलं. मग तारीख पाहिली.  रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "खेमसिंगभाऊ, यात तेव्हाच आलं होतं. आजार पिशवीपुरता होता. लगेच दुसरं ऑपरेशन करून पाहता आलं असतं."

मग त्यांनी नागपूरला पाठवलं. होय, आम्ही नागपूरला आलो होतो. दोनदा. तुझ्या होस्टेलपासून दोन स्टॉपवर होतो. तपासणीच्या रांगेत पांढऱ्या ड्रेसमधल्या नर्सिंगच्या पोरी दिसल्या की याडी मान उंच करून त्यांच्यात तुला शोधायची. मी म्हटलं, बोलावू का जयाले? तर म्हणाली, "नको. पोरीची परीक्षा होऊ द्या." तिथल्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, सलाईनमधून औषध देऊ, त्यानं काही महिने निघतील. पहिलं औषध झालं. उलट्या होतात. अंगाची खाज रात्रंदिवस चालते. कंगव्यात केस आले की ती ते गोळा करून चुलीत टाकते, मला दिसू नयेत म्हणून. परवा म्हणाली, "नशीबच खोटं निंगालं. आपण तं सगळं टायमावर केलं." मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेलो.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहितो. तुझी परीक्षा संपली की तू येशील, आणि आल्या आल्या फाइल मागशील. रिपोर्टवर ऑक्टोबरची तारीख आहे. ती वाचून तू मनाशी म्हणशील, बाला इंग्रजी कळलं नसेल. तसं म्हणू नको. इंग्रजी कळलं नाही हे अर्धंच खरं आहे. लॅबमधल्या बाईनं बाकीच्यांना नुसती नावं पुकारून पाकिटं दिली. मला द्यायला ती काउंटरच्या बाहेर आली. म्हणाली, "काका, आजच डॉक्टरांना दाखवा. आजच." दवाखाना पाच मिनिटांवर होता. मी बसस्टँडकडं वळलो. कळंबला गाडी थांबली तेव्हा पाकीट उघडलं, एक ओळ ठळक छापलेली होती. तिचा फोटो काढला, तुला पाठवायला. तू वाचून लगेच सांगितलं असतंस, म्हणूनच पाठवला नाही. लालीआत्याला कॅन्सर झाला तेव्हा मी तिला वर्षभर नागपूरला नेत होतो, शेवटी ती मला ओळखतही नव्हती. पुन्हा तेच ऐकायची माझी छाती झाली नाही. याडी बरी दिसत होती, तर मी ती बरीच आहे असं धरून चाललो. पाकीट पेटीत तळाशी ठेवलं. पाच महिने.

याडीला हे माहीत नाही. ती नशिबाला बोल लावते आणि माझ्या हातून पाणी पिते. मी तिला सांगणार आहे, तिच्यापासून लपवून तिला मसणात पोचवायला गेलो तर मी माणसात राहणार नाही. पण एकट्यानं सांगवत नाही. तू परीक्षेची वाट पाहू नको, रविवारी ये. मला जे बोलायचं ते बोल, मी खाली मान घालून ऐकीन. फक्त मी तिला सांगेन तेव्हा तू तिच्याजवळ बस. ते ऐकल्यावर तिला धरायला कोणीतरी लागेल, आणि ती मला हात लावू देणार नाही.

तुझाच,
बा