पाय पुसायला एक चटई

वावाऊ, टोंगा
रविवार, प्रार्थनेनंतर

प्रिय लोसालीने,

फोनवर बोलायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून कागद घेतलाय. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण चटई विणायला बसली की उठत नाही आणि उठली की तोंड थांबत नाही. यंदा कोनफळं बरी आली. पहिली टोपली पाळकांकडे नेली तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, ‘किडकी आहेत, डुकरांना तरी घाला.’ पाळकही नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘एवढं मोठं दान आम्हाला कसं पेलणार!’ पूर्वी हे बोलताना मजा यायची. या खेपेला टोपली ठेवली आणि लगेच घरचा रस्ता धरला.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाचं आठवतं? सरदारांच्या मुलीच्या लग्नात आपल्या घरून चटई द्यायची होती. तुझ्या आईने वर्षभर बोटं सोलवटून ती विणली होती. हात फिरवला तर कापडासारखी मऊ. गावाच्या वतीने बोलायचा मान माझा. मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, ‘आम्ही गरीब, अडाणी माणसं. हे फाटकं लक्तर आणलंय, पाय पुसायला तरी घ्या.’ तू तिथेच भोकाड पसरलंस आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. शेवटी आईने समजावलं, ‘अगं वेडाबाई, वस्तू जेवढी उंची तेवढे शब्द खाली. साध्या चटईला तुझे बाबा लक्तर म्हणतात होय? तिला नुसतं चटई म्हणतात.’

तीन वर्षांपूर्वी मेलबर्नला एमबीएसाठी तुझा नंबर लागला, पण कॉलेजने फी निम्मीच माफ केली. उरलेलीसाठी तू बाहेरच्या शिष्यवृत्त्या धुंडाळायला लागलीस. नुकुआलोफाच्या बँकेतल्या काउंटरवरून सुटलीस की तडक वाचनालयात. कुठे बायकांसाठी निधी, कुठे ऑकलंडच्या आपल्या चर्चचा, कुठे बेटांवरच्या मुलांसाठी. प्रत्येकाचा निबंध वेगळा, तारीख वेगळी. तू म्हणायचीस, ‘बाबा, स्वतःची स्तुती लिहून लिहून तोंड कडू झालंय.’ मी हसायचो, ‘इथे केली असतीस तर मार खाल्ला असतास.’ दोन लहान शिष्यवृत्त्या मिळाल्या. सगळं अडलं होतं ते ब्रिस्बेनच्या मोठ्या ट्रस्टवर. त्यांनी निबंध घेतला, मुलाखत घेतली, आणि तुझ्या गावाच्या वतीने कुणा ज्येष्ठाने लिहिलेलं, बंद पाकिटातलं पत्र मागितलं. वडील चालतील का, असं तू विचारलंस. गावाच्या वतीने तेच बोलत असतील तर चालतील, म्हणाले.

ते पत्र मी चार दिवस घडवलं. बागेत खणताना बोलून बघायचो, रात्री उशाशी घेऊन झोपायचो. मग शाळेतल्या साया मास्तरला सांगितलं आणि त्याने शब्दाला शब्द इंग्रजीत उतरवलं. दोनदा थांबून त्याने मला विचारलं, ‘पेनी, हे असंच लिहू?’ मी खेकसलो, ‘भाषण माझं आहे की तुझं?’ पाकीट चिकटवलं तेव्हा वाटलं, जन्मात यापेक्षा चांगलं बोललो नाही. संध्याकाळी गावच्या मंडळींत कावा प्यायला बसलो तेव्हा छाती फुगवून सांगितलंसुद्धा, ‘पोरीचं काम झालं समजा.’

पुढचं तुला माहीत आहे. एका ओळीचा नकार आला, कारण काही दिलं नव्हतं. कॉलेजची जागा गेली आणि तिच्याबरोबर त्या दोन लहान शिष्यवृत्त्याही गेल्या. ‘मुलाखतीत मीच कमी पडले,’ म्हणालीस आणि त्यानंतर एकही अर्ज केला नाहीस. गेल्या महिन्यात मी नव्या जाहिरातीचं नाव काढलं, तर म्हणालीस, ‘बाबा, पुरे. माझी झेप काउंटरपर्यंतच.’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी तोवर मला काहीच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी त्याच ट्रस्टच्या एक बाई शाळेची पाण्याची टाकी बघायला आल्या. पंगतीत त्या माझ्या शेजारी होत्या, म्हणून मी तुझं नाव काढलं. त्यांना तू चांगली आठवत होतीस. त्या इंग्रजीत बोलत गेल्या आणि ते मला आपल्या भाषेत सांगता सांगता सायाचा चेहरा उतरत गेला. मुलाखतीत तू सगळ्यांत सरस होतीस, म्हणाल्या. ‘पण तिच्याच गावाने लिहिलं होतं की ही मुलगी अडाणी आहे, हिला काही येत नाही, फार तर ऑफिस झाडायला ठेवा. आपल्याच माणसांना जिची खात्री नाही, तिला आम्ही कसं निवडणार होतो?’ मी त्यांना चटईची रीत सांगितली. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिथे दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही, तो त्यांचा नियम.

म्हणून हे पत्र. तू कमी पडली नव्हतीस, पोरी. तुला मी पाडलं. तीन वर्षं तू स्वतःला दोष दिलास आणि मी इथे कोनफळं लावत बसलो. माफ कर म्हणायलाही लाज वाटते. सोबत सायाकडून इंग्रजीत उतरवून घेतलेलं एक नवं पत्र ठेवलंय. त्यात तू जशी आहेस तसंच लिहिलंय. आपल्या मुलीबद्दल असं उघड लिहिताना मला घाम फुटला. ते दुसऱ्या कुठल्या अर्जाला लावायचं की फाडून टाकायचं, तुझं तू ठरव. एक मात्र ऐक. ‘ऑफिस झाडायला ठेवा’ हे वाक्य मी चार दिवस शोधत होतो. त्याहून खालचं मला सापडलं नाही, आणि शोधत होतो ते एवढ्याचसाठी की तुझ्याहून मोलाचं काही मी आजवर कुणाच्या हवाली केलं नव्हतं.

तुझाच,
बाबा