न विचारता सापडलेलं संग्रहालय

तीर्थस्वरूप ताई,

दोन जोड मोज्यांसकट साष्टांग नमस्कार. (मोजे काढायला ही परवानगी देत नाही, तरी नमस्कार पूर्ण धरावा.) तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? दोघांपैकी एकाला तरी आराम पडला असेल असं धरून चालतो. आमचं विचारशील तर सगळं जागच्या जागी आहे. नाकही आहे, पण परवा संध्याकाळपर्यंत ते मला जाणवत नव्हतं.

शहर बघायला दोन दिवस जायची कल्पना माझी, आणि भर थंडीत जायचीही माझीच, कारण तेव्हा गर्दी नसते. का नसते, ते उतरल्या उतरल्या कळलं. सकाळी नाण्यांच्या संग्रहालयात गेलो. तिथे नाण्यांना काचेची पेटी होती, बघणाऱ्यांना वाऱ्याची झुळूक. मग उंच मनोरा, तर जिन्यावर बर्फ जमल्यामुळे तो बंद. तेव्हा ही म्हणाली की तिसरं ठिकाण गरम असावं, आणि ते कुणाला तरी विचारून शोधावं. आता तुला ठाऊक आहे, मी चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. (ती एक तार सोड. तिच्यामुळे ज्यांचं लग्न झालं ते आजही सुखात आहेत.) पोस्टमननं पत्ता विचारायचा म्हणजे आचाऱ्यानं शेजारी जेवायला जायचं. मी साफ नाही म्हटलं. हिनं भर रस्त्यात अट घातली: चुकलात तर यापुढे जन्मभर पत्ता मी विचारणार, तुम्ही मागे पिशव्या धरून उभं राहायचं. चौतीस वर्षांची अब्रू पणाला लागली, ताई.

तिसरं ठिकाण म्हणजे एका जुन्या नकाशाकाराचं घर, नंबर सत्तावीस. समोर एक बाई बर्फ झाडत होती, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. विषम आकडे डावीकडे, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. डावीकडचं चौदावं दार मोजलं (पाटीवर बर्फ साचला होता, पण पाटी नवशिक्यांसाठी असते), लोटलं, तर उघडंच. आत अशी सुरेख ऊब की हिचा चेहरा प्रथमच माणसात आला. दाराशी सपाता मांडलेल्या होत्या, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून असणार. आम्ही घातल्या. कोपऱ्यात गुडघ्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा रखवालदार पेपर वाचत होता. व्यवस्था फार बारकाईनं केलेली. स्वयंपाकघरातल्या कपात अर्धा चहा, तोही कोमट. दोरीवर एकच मोजा. थोर माणसं कशी विसरभोळी असतात, ते मी हिला मोज्यावरून समजावलं. कपाट उघडलं, गादी दाबून पाहिली, तेव्हा रखवालदार उठून म्हणाला, “तो डावीकडचा दिवा लावा, नीट दिसेल.”

मग त्यानंच सगळं दाखवलं. अकरा वर्षं गळणारा नळ. भिंतीतला पोचा, बायकोनं रागानं पळी फेकली होती त्याचा. तिची खुर्ची. ती जाऊन चार वर्षं झाली म्हणाला. हिनं पदरानं खुर्चीवरची धूळ पुसली. मी अभिप्रायाची वही मागितली, त्यानं इकडेतिकडे बघून दूधवाल्याची वही दिली. ‘मांडणी उत्तम, फक्त नकाशे कमी,’ असं लिहून मी विचारलं, बंद कधी करता? तो म्हणाला, “मी साडेनऊला झोपतो.”

ताई, त्या क्षणी मला नाक जाणवलं. त्या गल्लीत विषम आकडे उजवीकडे होते. मी माफी मागू लागलो तर म्हातारा म्हणाला, “चार वर्षांत कुणी बेल वाजवली नाही. तुम्ही तर बेलही न वाजवता आलात. बसा.” लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. आम्ही चार तास बसलो. ही एक अक्षर टोचून बोलली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते आहे.

भाऊजींना नमस्कार, खोकल्याला निरोप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. म्हाताऱ्याला परतभेटीला बोलवावंच लागलं. आमच्याकडे हिनं सगळं जुनं भंगारात काढलंय, दाखवायला काही नाही. तुझ्याकडे तीन पिढ्यांचे डबे आणि न चालणारे सात पंखे आहेत. तेव्हा मी तुझा पत्ता दिला. तो येत्या रविवारी अकराला येईल, सपाता स्वतःच्या आणेल. आवरून ठेवू नकोस.

आणखी एक ता. क. पाकिटावर पत्ता घालताना ही म्हणते की मी त्याला दिलेला नंबर तुझ्या शेजाऱ्यांचा आहे. रविवारी तिकडे लक्ष ठेव. कुणी अनोळखी गृहस्थ त्यांची गादी दाबून बघताना दिसले, तर हाताला धरून तुझ्याकडे आण. पाकिटावरचा पत्ता मात्र बरोबर आहे. तो मी हिला विचारला.