चौदा प्रश्नांचा फॉर्म

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार

ती. प्रेमलामावशीस,

सुबोधचा नमस्कार (साष्टांगच घालणार होतो, पण गुडघा दुखतोय, तेव्हा बसूनच). तुझी कंबर कशी आहे? कमलाभवानीच्या देवळाच्या पायऱ्या चढवतात ना?

सेहेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठात नाव घातलंय, हे करमाळ्यापर्यंत पोचलं असेलच. विषय: वंश आणि समाजगट. पाच विभाग मिळून शिकवतात. जीवशास्त्राचे सर म्हणतात, वंश असं काही नसतंच. समाजशास्त्राच्या बाई म्हणतात, नसला तरी भोगावा लागतो. इतिहासाचे सर म्हणतात, तो शंभरेक वर्षांनी बदलतो. मी सगळं रोजनिशीत उतरवतो आणि मला तिघांचंही पटतं (हीच अडचण, नापास होणाऱ्याला निदान स्वतःचं एक मत तरी असतं).

आता दुसऱ्या समाजातल्या एका कुटुंबाची मुलाखत घ्यायची आहे. चौदा प्रश्नांचा फॉर्म, खाली त्यांची सही. शनिवारी दिला नाही तर वर्ष वाया. म्हणून शेजारच्या अकबरीभाभींकडे गेलो आणि त्यांचाच चहा पीत पहिला प्रश्न वाचला, आपण स्वतःला कोणत्या गटाचे समजता? भाभींचा हात किटलीवरच थांबला. "क्या सुबोधभाई, वीस साल से दिवार कू दिवार लगी है, और आज पूछते तुम लोगां कौन?" त्यांचे यजमान मकदूमभाई शिलाई मशीनवरून म्हणाले, "सरकारी हाय का ह्ये?" मी म्हटलं, शैक्षणिक. "मग तर लईच अवघड की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं (रोजनिशीत दीड पान आहे). आज विचारलं ते चूक, की वीस वर्षं विचारलं नाही ते? मी हे ठरवीपर्यंत भाभींनी फॉर्म ओढून घेतला आणि "पैले तुमारा भरती मैं," म्हणून लिहिलं. नाव: सुबोध. गट: नेलेला डबा परत न करणारे. सही: डबा आल्यावर. या उत्तरावर पाचही विभागांचं एकमत होईल, अशी मला भीती वाटते.

तुझा,
गोंधळलेला सुबोध

ता. क. तो डबा तुझ्याकडे आहे. ईदला त्यातून शीरखुर्मा आला, रिकामा कसा परत द्यायचा म्हणून ठेवला आणि संक्रांतीला त्यातच तुला शेंगापोळ्या पाठवल्या. झाकणावर मकदूमभाईंचं नाव कोरलंय. शुक्रवारच्या पहिल्या एस.टी.नं पाठव. रिकामा नको.

ता. क. दोन. हे आठवायच्या आधी फडताळात शोधताना एक पितळी डबा सापडला. बुडाशी तुझं नाव. आईनं तुझ्याकडून आणलेला. तिला जाऊनही अकरा वर्षं झाली. म्हणजे आई तशी, तू तशी आणि मीही तसाच. तेव्हा वंश असतो, मावशी. जीवशास्त्राच्या सरांना हे कसं सांगू, तेवढं कळव.