आखूड दस्ता

सांगली,
१६ जानेवारी १९९४

ती. आबा व आईस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी इथं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर उजवा खांदा सोडून खुशाल आहे. शुक्रवारी आमच्या पोलीस तुकडीची पहिली चांदमारी झाली आणि तुमची लेक सपशेल नापास झाली. गोळ्या फळीवर कमी आणि मागच्या मातीच्या ढिगात जास्त गेल्या. ही थ्री-नॉट-थ्री रायफल मागच्या लाकडी दस्त्यानं असा धक्का देते की पहिल्या दोन गोळ्यांनंतर घोडा दाबायच्या आधीच माझे डोळे आपोआप मिटायला लागले. खांदा काळानिळा पडलाय, वेणी घालायला हात वर जात नाही. दीपाली घालून देते. दीपाली म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरची, इथल्याच एका जैन शेतकऱ्याची मुलगी, ताडमाड उंच. घरी मुंगीसुद्धा मारत नाहीत आणि ही बया फळीची चाळण करून आली.

मार्चमध्ये पुन्हा परीक्षा आहे. त्यात नापास झाले तर नोकरीतून कमी करून घरी पाठवतात. कायदा, कवायत, धावणं, सगळ्यात मी वरच्या नंबरात आहे आणि या एका लाकडापायी वर्दी जायची. मला वर्दी हवी आहे, आबा. तुम्ही पंधरा वर्षं पलटणीत हीच रायफल चालवलीत. माझं काय चुकतंय ते कळवा. रागवा, पण कळवा.

तुमचा लोभ आहेच, नापास झाले म्हणून त्यात कपात नसावी.

तुमची,
आम्रपाली


औंध,
२३ जानेवारी १९९४

चि. आम्रपालीस,
आबाचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र पावलं. वाचून कपाळावर हात मारला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणत्यात ते ह्येच. रायफल जोरात मारती म्हणं. मग काय ती पाठीवरनं हात फिरवणार हाय? हितं साऱ्या गावाला मी सांगून बसलोय की पोरगी फौजदार होणार. हरिबा रोज पारावर इचारतो, झाली का पास. त्याला काय सांगू, वेणी घालायला हात जात न्हाई म्हणून?

आता नीट वाच. दस्ता खांद्याला घट्ट आवळून धर. सैल धरलास की धक्का दुप्पट बसतो. गाल लाकडाला टेकव. श्वास अर्धा सोड, घोडा हळू दाब, हिसका देऊ नगंस. लागतं ते सगळ्यांनाच लागतं. मलाबी लागायचं, पर मी कुणाला सांगत न्हवतो. तुझ्या आईनं जुन्या वाकळंची गादी शिवलीया, ती पार्सलनं धाडतोय. सदऱ्याच्या आतनं खांद्यावर बांध. जेवढी जाड तेवढं बरं.

पत्राच्या घडीवरची जागा तुझ्या आईला सोडलीया. साक्षरता वर्गाला जाती, आता तिला आवरणं माझ्या हातात न्हाई.

लोभ हाय. पास झालीस तर दिसंलबी.

तुझा आबा,
जालिंदर

आमे, गादी मी शिवली खरी, पर डोस्कं त्येंचं हाय. खांद्याला हळद लाव. तुजी आई, लक्ष्मीबाई.


सांगली,
९ फेब्रुवारी १९९४

ती. आबांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पार्सल मिळालं. गादी बांधून सरावाला गेले आणि आधीपेक्षा जास्त लागून घेतलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी आपली गत झाली आहे. रागवू नका, पुढचं वाचा.

मी आणि दीपालीनं रायफली बदलून बघितल्या. तिची रायफल मला तेवढीच लागली आणि माझी तिला मुळीच लागली नाही. म्हणजे खोड रायफलीत नाही. मग दोघींनी एकमेकींचं नीट बघितलं. दीपालीचे हात लांब, त्यामुळं दस्ता तिच्या खांद्याच्या खळग्यात सुखानं बसतो आणि धक्का सगळ्या अंगाला मिळून बसतो. माझं बोट घोड्यापर्यंत पोचवायचं तर दस्ता खळग्यातून घसरून दंडाच्या सांध्यावर जातो, गाल लाकडावरून सुटतो, मान ताणली जाते आणि तोच धक्का एकट्या हाडावर आदळतो. गादीनं तर दस्ता आणखी दोन बोटं लांब झाला. घट्ट आवळ म्हणता, पण जिथं पोचतच नाही तिथं आवळू काय?

नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांना भीत भीत विचारलं की आखूड दस्त्याची रायफल मिळेल का. ते म्हणाले, ही रायफल आहे, पोलकं नव्हे मापानं शिवून द्यायला. सगळी रांग हसली. पण बंदुका ठेवतात त्या खोलीत मी सफाईला गेले होते, तेव्हा कोपऱ्यात सुटे दस्ते पडलेले बघितलेत, त्यांत आखूडही आहेत. पुढच्या आठवड्यात साहेबांचा दरबार आहे. कुणाची काही तक्रार आहे का असं तिथं विचारतात आणि कुणीच उठत नाही. मी उठणार आहे. तुमच्या वेळी असं कुणी मागितलं होतं का, ते कळवा.

माझा हट्ट माहीत असूनही लोभ ठेवलात, तसाच पुढंही ठेवावा.

तुमची,
आम्रपाली


औंध,
१४ फेब्रुवारी १९९४

चि. आम्रपालीस,
आबाचा आशीर्वाद.

खबरदार दरबारात उठलीस तर. तुला नोकरी लागली का तुझं डोस्कं फिरलं? दरबार ऐकायला असतो. साहेब इचारतो ती रीत हाय, त्याला उत्तर द्यायचं नसतं. सरकारनं दिली ती रायफल घ्यायची आन् चालवायची. माझ्या पंधरा वर्षांत कुणी दस्ता बदलून मागितला न्हाई. आमी काय माणसं न्हवतो?

आणखी एक ध्यानात ठेव. दुसऱ्यानं तक्रार केली की ती तक्रार असती. आपल्या माणसानं केली की म्हणत्यात, ह्यांना झेपत न्हाई. असं म्हणायला लोक टपल्यालेच असत्यात. मी त्यांना एकदाबी म्हणू दिलं न्हाई. तूबी देऊ नगंस. दात आवळ आन् मार्च काढ. ती गादी आधी फेकून दे. असलं खूळ कुणी काढलं कुणास ठाऊक.

लोभ कमी न्हाई, पर ह्या वक्ताला ऐक.

तुझा आबा,
जालिंदर

आमे, खूळ कुनी काढलं ते तुला ठाव हाय. एक सांगते, त्येंनी वाचायच्या आत घडी चिकटवते. ह्येंचा उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाई. सदऱ्याची बाही मी चढवते. वयामुळं म्हनत्यात. पर पलटनीतनं आले तवापासनं हाय ह्ये, तवा कुटं वय झालं हुतं. तू ऊठ. लक्ष्मीबाई.


सांगली,
२० मार्च १९९४

ती. आबांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

आधी महत्त्वाचं: मी पास झाले. चांगल्या नेमबाजांत नाव लागलं. आता बाकीचं वाचून हवं तेवढं रागवा.

मी उठले. आवाज कुठून आला देव जाणे. म्हणाले, साहेब, दस्ता माझ्या हाताला लांब पडतो, आखूड दस्ते आत पडून आहेत, एक मिळावा. उस्तादांचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी मात्र सगळ्यांसमोर रायफल आणून मला धरायला लावली आणि दुरून एकदा, बाजूनं एकदा बघितली. मग दस्ता बदलायला सांगितला. आबा, लांब पेचकसानं आतला स्क्रू सोडवायचा, लाकूड काढायचं, दुसरं बसवायचं. चहा थंड व्हायच्या आत झालं. दस्ता कोपराच्या वाकणात टेकवून बोटाचं पेर घोड्यावर बसलं, की माप बरोबर.

पहिल्या गोळीला मी जुन्या सवयीनं डोळे मिटून कळ यायची वाट बघत बसले आणि ती आलीच नाही. बाजारातल्या गर्दीत कुणी खांदा लावून पुढं जावं, तेवढंच. दुसऱ्या गोळीपासून डोळे उघडे. आमच्यातल्या बुटक्या मुलींना आता उस्ताद स्वतःच कोपर वाकवून बघायला सांगतात, जणू त्यांच्याच डोक्यातून निघालं.

आईनं तुमच्या हाताचं कळवलं आहे, तिच्यावर चिडू नका. तुम्ही माझ्याच उंचीचे. मला एकच सांगा आबा, तुमचं बोट पोचत होतं का?

ऐकलं नाही म्हणून रागावला असाल, तर तो राग काढून टाकून लोभ तेवढा ठेवावा.

तुमची,
आम्रपाली


औंध,
२७ मार्च १९९४

चि. आम्रपालीस,
आबाचा जयभीम व आशीर्वाद.

पास झालीस. बरं झालं. हरिबाला सांगितलं, तो म्हणाला पेढं कुठं हैत. त्याला पास-नापासशी काय घेणं न्हवतंच.

तुझं पत्र आल्यापासनं माझं टाळकं सटकलंय. तुझ्यावर न्हाई. पलटणीतली ती रायफल डोळं मिटून मनातल्या मनात हातात धरून बघितली. अजून जशीच्या तशी ध्यानात हाय. बोटाचं नुसतं टोक घोड्याला लागायचं. पोचत न्हवतं पोरी. पंधरा वर्षं पोचत न्हवतं आन् मी समजत हुतो माझाच खांदा कच्चा. लागतंय म्हणालो असतो तर म्हणणारं म्हणालं असतं, ह्यांच्या हातात बंदूक शोभत न्हाई. म्हणून गप ऱ्हायलो, आन् गप ऱ्हायलो ह्याचाच मोठेपणा गावभर मिरवला. आमच्या बंदुकांच्या खोलीतबी आखूड दस्तं पडलं असत्याल. कुणी मागितलंच न्हाई, मग कोण कशाला देतंय. एका पेचकसाचं काम, आन् आमी जन्माचा खांदा घालवला.

उठू नगंस म्हणून तुला लिवलं, त्याचा आता मलाच राग येतोय. तो काढायला हितं तुझ्या आईबिगर कुणी न्हाई, आन् ती उलटं बोलती.

लोभ हाय तेवढाच हाय, वाढवायला आत जागा न्हाई. पत्र टाकीत जा.

तुझा आबा,
जालिंदर

आमे, आज त्येंनी घडीबी भरून टाकली म्हनून कडंकडंनं लिवते. सोमवारच्या एस्टीनं आमी मिरजंला येतोय, हाडाच्या डाक्टरला खांदा दाखवायला. आज सकाळी बाही चढवताना म्हनले, जरा दमानं, दुखतंय. लगीन झाल्यापासनं त्येंच्या तोंडनं ह्यो सबूद मी पयल्यांदा ऐकला. लक्ष्मीबाई.