दोन वर्षांत एकदाही फरक नाही

१२ मार्च

प्रिय बारक्या,

खुशाली आधी सांगून टाकते. आई ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. तू टीव्हीवर दिसलास की आवाज मोठा करते आणि तुझं बोलून झालं की म्हणते, "वाळलाय." अर्थ खात्याशी तिला देणंघेणं नाही.

मला आहे. तुझा कपातीचा अहवाल मी अथपासून इतिपर्यंत वाचला. तिजोरीत खडखडाट आहे, मान्य. माझ्या कार्यालयाची गाडी काढून घे, विश्रामगृह विक, माझा भत्ता थांबव. मी हूं की चूं करणार नाही. तू अहवाल लिहीत होतास तेव्हा जेवताना आपलं वाजलं, तेव्हाही मी हेच म्हणत होते. तू ऐकत कुठे होतास! "ताई, प्रत्येक खातं म्हणतं, आमचं सोडून बोला." टाळी घेणारं वाक्य. तुझ्या बायकोने दिलीही.

पण पान एकतीस. पुलांच्या खांबांवरची पट्टी वाचून नदीची पातळी कळवणारी माझी बावीस माणसं तू अनावश्यक ठरवलीस. कारण काय, तर 'स्वयंचलित यंत्राच्या आणि माणसाच्या नोंदीत दोन वर्षांत एकदाही फरक आढळला नाही.'

वाचलं आणि अहवाल मिटून ठेवला. दोन दिवस उघडला नाही.

ते वाक्य माझं आहे. त्याच जेवणात, माझी माणसं किती चोख हे दाखवून तुला गप्प करायला, फुशारकीने फेकलेलं. तू ते उचललंस आणि कुणालाही न विचारता छापलंस.

फरक का नसतो, ते मी सांगितलं नाही. यंत्राच्या नळीत रोज गाळ बसतो. पट्टीवाला सकाळी पट्टी वाचतो, नळी साफ करतो आणि यंत्राचा आकडा आपल्या आकड्याशी जुळवून घेतो. मग फरक राहील कसा? अहवाल आल्यावर एका यंत्राला मी आठ दिवस कुणाला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी नदी यंत्राच्या म्हणण्यापेक्षा हातभर वर होती. तिथला पट्टीवाला यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, पुराच्या वेळी खालच्या वस्तीला उठवणार कोण, हे?"

तुझा अहवाल तपासणाऱ्या समितीने गुरुवारी सकाळी दहाला मला बोलावलंय. ते वाक्य कुठून आलं हे मी सांगणार आहे. बढाई माझी होती, हेही सांगेन. पण मग तुझ्या बाकीच्या पानांकडेही लोक संशयाने बघतील, आणि त्यातली बरीच पानं बरोबर आहेत. म्हणून तुला आधी कळवते. पान एकतीस तू स्वतः मागे घेतलंस, तर मला बोलायला काही उरत नाही. नाही घेतलंस, तर तिथे मी तुला 'साहेब' म्हणेन आणि एक शब्दही गाळणार नाही.

बुधवार संध्याकाळपर्यंत नुसती तुझी,
ताई